नाशिकमध्ये राहून स्नूकरमध्ये करिअर कसं करायचं

संध्याकाळी सातला कॉलेज रोडच्या कुठल्याही स्नूकर पार्लरमध्ये शिरा, प्रत्येक टेबलावर एक 'इथला नंबर वन' भेटेल. तो खरंच बरा खेळतो. लाँग पॉट मारतो (लांबून बॉल पॉकेटात घालतो), वीस-तीसचे ब्रेक करतो (एका पाळीत सलग तेवढे पॉइंट काढतो), आणि वर्षभर टेबलाचे पैसे जवळजवळ भरतच नाही, कारण पार्लरचा रिवाज ठरलेला आहे: हरेल त्यानं टेबलाचे पैसे द्यायचे. चांगल्या हाताच्या पोराचा घात हा रिवाजच करतो. फुकट टेबल मिळतं म्हणून तो आपल्यापेक्षा कच्च्या गड्यांशीच खेळत राहतो. चूक झाली तरी समोरचा चार पॉइंटवर उठतो, मग चुकीची किंमत कधी कळतच नाही. राज्य स्पर्धेत तीच चूक झाली की समोरचा पन्नास मारून बसतो, आणि आपला गडी खुर्चीत बसून चॉक घासत राहतो.

म्हणून ज्याला हा खेळ पेशा म्हणून करायचा आहे त्यानं पहिलं काम हे करावं: टेबलाचे पैसे स्वतः भरून एकट्यानं खेळायला लागावं, आणि एक वही घालावी. पुढचं सगळं त्या वहीवर चालतं. कधी राज्य स्पर्धेत उतरायचं, कधी परदेशी स्पर्धेची फी भरायची, हे वहीतले आकडे सांगतात. पार्लरमधले मित्र काहीही सांगतात.

टेबल नीट पाहून घ्या

पूर्ण मापाचं टेबल १२ बाय ६ फुटांचं म्हणतात. प्रत्यक्ष खेळायची जागा ११ फूट साडेआठ इंच बाय ५ फूट १० इंच असते. बॉल ५२.५ मिलिमीटरचे. पूल टेबलावर किंवा लहान 'मिनी स्नूकर'वर कितीही ब्रेक केले तरी ते वहीत धरू नका.

मासिक सौदा करण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, लेव्हल: पांढरा बॉल बॉक लाइनवरून (टेबलाच्या खालच्या टोकाजवळची आडवी रेघ) साइड कुशनला (बाजूच्या रबरी कडेला) लागून अगदी हळू वर, काळ्याच्या टोकाकडे, सोडा, नंतर दुसऱ्या बाजूनं. बॉल मरताना एकाच दिशेला वळत असेल तर स्लेट (कापडाखालची दगडी फरशी) बसली आहे. दोन, कुशन: बॉक लाइनवरून सरळ, पूर्ण जोरानं मारा. बॉलनं टेबलाच्या किमान चार लांब्या पार करायला हव्यात. त्याहून कमी भरल्या तर कुशनचं रबर गेलं आहे किंवा कापड जड आहे. तीन, पॉकेट: लाल बॉल कुशनला चिकटवून जोरात मारा. पॉकेटच्या जबड्याला लागूनही दर वेळी आत पडत असेल तर पॉकेट सैल आहेत. सैल पॉकेटवर हात बिघडतो, कारण पाव इंचाची चूकही माफ होते. मॅच टेबलावर तोच बॉल जबड्यात हेलकावे खाऊन बाहेर येतो.

कापडाला लव असते आणि ती बॉकपासून काळ्याच्या टोकाकडे जाते. ब्रशही त्याच दिशेनं मारायचा, नंतर इस्त्री. हे मार्कर (पार्लरमधली टेबलं सांभाळणारा माणूस) करतो, आणि किती वेळा करतो हे विचारून घ्या. मार्करशी दोस्ती ठेवणं कोचइतकंच कामाचं. कापड कधी बदललं, कुठलं पॉकेट 'देतं', हे त्याला पाठ असतं. लवेचा परिणाम हळू शॉटवर दिसतो. मधल्या पॉकेटात हलक्या हातानं सोडलेला बॉल काळ्याच्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे असा पॉट पॉकेटच्या बॉककडच्या अर्ध्या भागाकडे धरून मारायचा.

नाशिकचा पावसाळा वेगळा धरावा लागतो. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, कापड ओल शोषतं, बॉल जड चालतात आणि 'किक' वाढतात, म्हणजे बॉल बॉलला लागताना उडी मारतो आणि पॉट जाडा जातो (ठरल्यापेक्षा मधोमध लागल्यासारखा). मोठ्या स्पर्धांमधल्या टेबलांच्या स्लेटखाली विजेचे हीटर असतात. तिथलं कापड बारा महिने कोरडं आणि वेगवान. जुलैत सिडकोतल्या टेबलावर जो हात बसतो, तो हात घेऊन थेट मॅच टेबलावर गेलात तर पहिल्या दोन फ्रेम (डाव) पांढरा बॉल दर वेळी फूटभर पुढे जाईल. त्यावर उपाय एवढाच की पावसाळ्यात वेगाचे शॉट कमी आणि क्यू (खेळायची काठी) सरळ चालवण्याचा सराव जास्त ठेवायचा, आणि दर सेशनआधी बॉल कोरड्या सुती कापडानं पुसायचे. बऱ्याच किक बॉलवर चिकटलेल्या चॉकच्या असतात.

क्यू आणि टिप

क्यू अ‍ॅश किंवा मेपलचा घ्या, ५७ ते ५८ इंच लांब, १७ ते १८ औंसांच्या आसपास, टोकाला साडेनऊ मिलिमीटर. थ्री-क्वार्टर जोडाचा (पाऊण लांबीवर सुटा होणारा) क्यू प्रवासाला सोयीचा. लाखभराचा क्यू घेऊन ब्रेक वाढत नाहीत. मात्र पार्लरच्या स्टँडवरचा, रोज वेगळा क्यू उचलून पेशेवर कुणीही झालेलं नाही. एकदा घेतला की दोन-तीन वर्षं बदलू नका. भिंतीला तिरका टेकवून ठेवलात तर वाकेल. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवलात तरी वाकेल.

टिप, म्हणजे क्यूच्या टोकाची चामडी चकती, स्वतः बदलायला शिका. बाहेरगावी सामन्याच्या आदल्या रात्री टिप उडाली की कुणी भेटत नाही. जुनी टिप ब्लेडनं काढा, फेरूलवरचा (क्यूच्या टोकाच्या धातूच्या टोपणावरचा) जुना गोंद खरवडा आणि फेरूलचं तोंड बारीक सँडपेपरवर क्यू अगदी उभा धरून सपाट करा. इथं घाई केली की टिप तिरकी बसते आणि दोन आठवड्यांत एका कडेनं उचलते. टिप फेरूलपेक्षा किंचित मोठी, म्हणजे साडेनऊला दहा मिलिमीटरची घ्या. तिची खालची बाजूही हलकेच घासा, नाहीतर गोंद धरत नाही. सुपरग्लू जेलचा एक थेंब मधोमध, टिप ठेवून थोडी फिरवा, मग अर्धा-एक मिनिट दाबून धरा. अर्ध्या तासानंतर क्यू उलटा धरून, टिप कठीण फळीवर टेकवून कडेचा जास्तीचा भाग ब्लेडनं खाली कापा. शेवटी सँडपेपरनं घुमटासारखा गोल आकार द्या. नव्या टिपवर किमान आठ-दहा फ्रेम खेळल्याशिवाय स्पर्धेला जाऊ नका. नवी टिप बसेपर्यंत स्क्रूचा (पांढरा मागे ओढणाऱ्या शॉटचा) अंदाज रोज बदलतो. एल्क मास्टरसारख्या टिपच्या डबीत सगळ्या टिपा सारख्या नसतात. नखानं दाबून पाहा आणि फार मऊ असतील त्या बाजूला काढा.

उभं राहणं

उजव्या हातानं खेळत असाल तर उजवा पाय शॉटच्या रेषेवर, डावा थोडा पुढे आणि बाहेर, गुडघ्यात हलका वाकलेला. रेषा उभ्यानंच ठरवायची आणि तिच्यावर सरळ खाली यायचं. खाली वाकल्यावर कूस बदलून निशाणा दुरुस्त करणं ही पार्लरमधली सर्वांत मोठी सवय, आणि लाँग पॉट हुकायचं पहिलं कारणही तेच. क्यू हनुवटीला आणि छातीला घासून जायला हवा. ब्रिजचा हात, म्हणजे क्यू ज्याच्यावर टेकतो तो, पांढऱ्यापासून दहा-बारा इंच मागे. टिप पांढऱ्याला लागते त्या क्षणी उजव्या हाताचा कोपरापासून खालचा भाग उभा लोंबता असावा. मुठीत पक्षी धरल्यासारखी सैल पकड. दोन-तीन वेळा क्यू पुढेमागे, पुढे थांबा, सावकाश मागे न्या, मागे क्षणभर थांबा आणि मारा. मारताना नजर ज्या बॉलवर पॉट आहे त्याच्यावर.

हे बरोबर चाललंय की नाही हे तपासायला कोच लागत नाही. पांढरा ब्राऊनच्या स्पॉटवर ठेवा आणि निळा, गुलाबी, काळा या तिन्ही रिकाम्या स्पॉटवरून सरळ वरच्या कुशनला मारा. मारून झाल्यावर क्यू तिथंच, हलवायचा नाही. बॉल परत येऊन टिपला लागला पाहिजे. उजवीकडे आला तर तुम्ही नकळत उजवी साइड (मध्याच्या बाजूला मारून दिलेली फिरकी) देताय, डावीकडे आला तर डावी. वीसपैकी पंधरा वेळा टिपला लागेपर्यंत साइड लावण्याचं नावही काढू नका. पार्लरमध्ये दर दुसरा शॉट साइड लावून मारतात. त्यातल्या निम्म्या वेळा ती साइड त्यांनी ठरवून दिलेली नसते.

सकाळचे चार तास

पार्लर सकाळी अकरा ते तीन रिकामं असतं. मालकाशी बोला: या वेळेत, एकट्याला, महिन्याचा ठोक दर. बहुतेक मालक ऐकतात, कारण तेवढा वेळ टेबल तसंही पडूनच असतं. ताशी २०० रुपये धरले तर रोज चार तास आणि महिन्याला २५ दिवस म्हणजे २०,००० रुपये. ठोक सौद्यात हे निम्म्यावर आलं तरी वर्षाला सव्वा लाखाच्या आत-बाहेर जातं. क्यू, प्रवास, स्पर्धांच्या फीया वेगळ्याच. हा हिशोब घरी पहिल्याच दिवशी मांडलेला बरा.

पहिला पाऊण तास वर सांगितलेला सरळ क्यूचा सराव आणि लाँग पॉट. लाँग पॉटला निळा आपल्या स्पॉटवर. निळ्याचा स्पॉट टेबलाच्या बरोबर मध्यावर असल्यानं बॉककडच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे जाणारी रेषा त्याच्यातूनच जाते. पांढरा त्या रेषेवर ठेवायचा आणि निळा सरळ कोपऱ्यात. वीस शॉट स्टन, म्हणजे पांढरा जागच्या जागी थांबला पाहिजे. निळा गेला पण पांढरा कडेला सरकला, तर तो पॉट वहीत धरायचा नाही.

पुढचा दीड तास लाइन-अप. काळा, गुलाबी, निळा स्पॉटवर. त्यांच्याच रेषेत पंधरा लाल: तीन काळ्याच्या मागे, पाच काळा-गुलाबीच्या मध्ये, सात गुलाबी-निळ्याच्या मध्ये. बाकीचे रंग आपापल्या जागी. पांढरा हवा तिथं ठेवून सुरू करा. लाल, रंग, लाल, रंग. चुकलं की पॉइंट लिहा आणि पुन्हा लावा. दिवसाला दहा वेळा. वहीतलं एक पान असं दिसतं:

'१४ जुलै, टेबल २, ओल. लाइन-अप: ३२, ८, ५६, ४०, १, २४, ७२, १६, ४८, ३३. सरासरी ३३. चुका: काळ्याच्या मागच्या लालवर तीनदा पांढरा कुशनला चिकटला. दोनदा सोपा निळा मधल्या पॉकेटात लागून परत. एकदा लाल सरळच हुकला.'

पॉइंटपेक्षा शेवटची ओळ महत्त्वाची. महिनाभराच्या पानांवर 'कुशनला चिकटला' वीस वेळा आलं, तर तुमचा पॉट ठीक आहे आणि वेग बिघडलेला आहे. मग पुढचा महिना फक्त काळ्याच्या भोवती, सहा लाल घेऊन, पांढरा कुशनला लागू न देता खेळायचं. 'सोपा हुकला' जास्त असेल तर उठण्याची घाई आहे; पॉट पडेपर्यंत खाली राहायची सवय लावा. सरासरी वाढेना म्हणून क्यू बदलायची खुमखुमी याच सुमारास येते.

उरलेल्या वेळात रंग साफ करणं. पिवळ्यापासून काळ्यापर्यंत २७ पॉइंट, दहा वेळा, किती वेळा पूर्ण झालं ते लिहा. फ्रेम बहुतेक वेळा इथंच ठरते, आणि सराव सर्वांत कमी याचाच होतो. पिवळा-हिरवा-ब्राऊन करताना पांढरा बॉकमध्येच ठेवता आला पाहिजे. ब्राऊनवरून निळ्याला जाताना कोन चुकला की निळ्यावरून गुलाबीला यायला कुशनांचा लांबचा रस्ता धरावा लागतो, आणि गुलाबी तिथंच हातचा जातो.

मानेकडे लक्ष ठेवा. चार तास वाकून मान वर धरायची म्हणजे खांदा आणि मान आखडते. मुंबईचा आदित्य मेहता याची व्यावसायिक कारकीर्द मान-खांद्याच्या दुखण्यानं अडखळली. दर पाऊण तासानं पाच मिनिटं क्यू खाली ठेवा आणि खांद्याचे व्यायाम फिजिओकडून एकदा नीट शिकून घ्या.

सेफ्टी, नियम आणि मोजणं

ब्रेक-ऑफपासून सुरुवात करा, कारण निम्म्या फ्रेमचा पहिला शॉट तुमचा असतो. पांढरा ब्राऊन आणि पिवळ्याच्या मध्ये, उजवी साइड, त्रिकोणाच्या उजव्या टोकाचा लाल पातळ. पांढरा वरच्या कुशनला, मग उजव्या साइड कुशनला लागून तिरका खाली येतो आणि हिरव्याच्या मागे बॉक कुशनजवळ मरतो. लाल जाडा लागला तर लाल फुटतात आणि पांढरा निळ्याच्या आसपासच थांबतो. समोरच्याला आयतं ताट. फार पातळ लागला तर वेग उरतो आणि पांढरा बॉक कुशनवरून परत बाहेर येतो. रोज वीस ब्रेक-ऑफ. पांढरा बॉक कुशनपासून वीतभर अंतरात थांबला तरच मोजायचा.

पार्लरमध्ये 'मिस'चा नियम कुणी लावत नाही आणि पहिल्या स्पर्धेत पोरं इथंच गडबडतात. स्नूकरमधून, म्हणजे मारायचा बॉल दुसऱ्या बॉलआड झाकलेला असताना, सुटायला जाऊन बॉल लागला नाही तर फाऊलचे किमान चार पॉइंट जातात. शिवाय पंचानं मिस दिला, म्हणजे प्रयत्न पुरेसा नव्हता असं ठरवलं, तर समोरचा बॉल पुन्हा जागेवर लावून तुम्हालाच पुन्हा मारायला लावतो. त्याहून कडक भाग असा की बॉल पूर्ण समोर दिसत असताना लागोपाठ तीनदा हुकलात तर फ्रेमच जाते. दुसऱ्या वेळेनंतर पंच बजावतो. म्हणून तिसऱ्या वेळी कौशल्य दाखवायचं नाही, जाड का होईना, बॉल लावायचा.

टेबलावर किती उरलेत हे झोपेतही सांगता आलं पाहिजे: उरलेले लाल गुणिले आठ (लालचा एक, त्यावरच्या काळ्याचे सात), अधिक रंगांचे २७. समजा तुम्ही ३० नं पुढे आहात, दोन लाल उरलेत, म्हणजे ४३. एक लाल तिरका, साठ-चाळीसचा पॉट; चुकला तर समोरच्याला सगळं उघडं. पार्लरमध्ये इथं सगळे मारतात. स्पर्धेत लाल पातळ घासून पांढरा बॉकमध्ये ठेवायचा, कारण समोरच्याला दोन्ही लाल, त्यांच्यावरचे रंग आणि पुढचं जवळजवळ सगळंच लागणार आहे. एक लाल आणि त्याच्यावर काळा तुम्ही काढलात की तुम्ही ३८ नं पुढे आणि टेबलावर ३५: मग त्याला स्नूकर लावून तुमच्या फाऊलचे पॉइंटच मिळवावे लागतील.

नाशिकबाहेर कधी पडायचं

लाइन-अपची महिन्याची सरासरी चाळिशीवर टिकली आणि फ्रेममध्ये दर चार-पाच फ्रेमांना एक पन्नास यायला लागला की राज्य स्पर्धेत उतरा. त्याआधी गेलात तर अनुभव मिळतो असं म्हणतात. आमच्या मते त्या टप्प्यावर पहिल्याच फेरीत दोनदा ४-० हरल्याचा अनुभव पोरांना खेळ सोडायला लावतो. नोंदणी महाराष्ट्राच्या बिलियर्ड्स आणि स्नूकर संघटनेमार्फत होते. तिथून राष्ट्रीय स्पर्धा, जी बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया घेते. वयोगटांत सब-ज्युनिअर आणि एकविशीच्या आतला ज्युनिअर गट आहे. राष्ट्रीय पातळीवर वर आलात की भारताकडून आशियाई आणि आयबीएसएफच्या (आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स आणि स्नूकर महासंघाच्या) जागतिक स्पर्धांचं दार उघडतं. १९८४ मध्ये ओम अगरवालनं जागतिक हौशी विजेतेपद याच वाटेनं जिंकलं, २००३ मध्ये पंकज अडवाणीनं.

मुंबईत सीसीआयची (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) क्लासिक आणि एनएससीआयची (नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडिया) बॉल्कलाइन या स्पर्धा चुकवू नका. पात्रता फेरीत हरलात तरी दोन दिवस थांबून देशातल्या पहिल्या दहांचा खेळ बाजूला बसून पाहा, आणि पॉट पाहू नका. पॉट अवघड असताना ते काय करतात ते वहीत लिहा.

सकाळचा सामना असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका. आदल्या संध्याकाळी मुंबईत पोहोचा आणि सरावाला अर्धा तास टेबल मिळतं का ते पाहा. अनोळखी टेबलावर पहिल्या दहा मिनिटांत पॉट मारायचे नाहीत. फक्त वेग: बॉकपासून वरच्या कुशनपर्यंत आणि परत, पाच-सहा वेळा, मग साइड कुशनवरून कोन. क्यू कडक केसमध्ये, एसटीत गुडघ्यांमध्ये उभा; डिकीत इंजिनच्या उष्णतेजवळ ठेवायचा नाही. विमानात क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, तो चेक-इन करावा लागतो, त्यामुळे केस चांगली लागते.

काळी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वेस्टकोट, काळे चामडी बूट. हा पोशाख महिन्यातून चार दिवस सरावातही घाला. टी-शर्टवर शिकलेला हात वेस्टकोटात खांद्यापाशी अडतो, आणि स्पोर्ट्स शूजपेक्षा चामडी बुटाची टाच उंच असल्यानं उभं राहणंच बदलतं.

टूर कार्ड आणि त्याचा खर्च

व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याच्याकडे वर्ल्ड स्नूकर टूरचं कार्ड आहे तो. टूरवर साधारण १२८ खेळाडू असतात. कार्ड दोन वर्षांचं मिळतं आणि क्रमवारी दोन वर्षांत जिंकलेल्या पौंडांवर लागते. पहिल्या ६४ मध्ये राहिलात तर कार्ड टिकतं. नव्या माणसासाठी नेहमीची वाट म्हणजे क्यू स्कूल, २०११ पासून सुरू असलेली फी भरून खेळायची पात्रता स्पर्धा. आशिया-ओशनियातल्या खेळाडूंसाठी ती बँकॉकमध्येही झाली आहे, म्हणजे दर वेळी इंग्लंड गाठावं लागत नाही. आयबीएसएफ आणि आशियाई विजेत्यांनाही कार्ड मिळत आलं आहे.

क्यू स्कूलची फी कधी भरायची? सरावात आठवड्याला दोन-तीन सेंच्युरी (शंभरावरचे ब्रेक), अनोळखी टेबलावर महिन्याला निदान एक, आणि देशातल्या पहिल्या सोळांपैकी कुणाला तरी वर्षात दोनदा हरवलेलं: एवढं वहीत असेल तर. सेव्हन-फ्रेमच्या छोट्या सामन्यांत रोज नवा प्रतिस्पर्धी येतो. एका दिवसाचा सूर पुरत नाही, सलग सहा-सात दिवस तोच खेळ लागतो.

कार्ड मिळालं म्हणजे पगार सुरू झाला असं नाही. टूर बहुतांशी ब्रिटन आणि चीनमध्ये चालते. सुरुवातीच्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही, पण विमान, हॉटेल, सरावाचं टेबल हे सगळं आपलं. २०२२-२३ च्या हंगामात टूरनं प्रत्येक कार्डधारकाला वर्षाला २०,००० पौंडांची हमी दिली, पण तीही बक्षिसावरची उचल. वर मिळणारे पैसे नव्हेत. ब्रिटनमधल्या बक्षिसातून कर कापला जातो, म्हणून पहिल्याच वर्षी दोन देशांमधला कर करार समजणारा सीए गाठा आणि प्रत्येक कपातीचा कागद जपा. इंग्लंडमध्ये राहायचं तर बहुतेक परदेशी खेळाडू शेफील्डच्या आसपास खोली घेतात, तिथल्या अकादम्यांत रोज टूरवरचे खेळाडू सरावाला मिळतात म्हणून. व्हिसाची कागदपत्रं हंगामाच्या तीन महिने आधी हलवा. स्पर्धांच्या तारखा व्हिसासाठी थांबत नाहीत.

भारतीयांचा अनुभवही पाहून ठेवा. आदित्य मेहता २०१३ च्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत डिंग जुनह्वीशी खेळला, पुढच्या वर्षी त्यानं पॉल हंटर क्लासिकमध्ये १४७, म्हणजे एका फ्रेममधला सर्वांत मोठा ब्रेक, केला. पंकज अडवाणी दोन हंगाम टूरवर होता, २०१४ मध्ये त्यानं कार्ड सोडलं आणि हौशी जागतिक स्पर्धा खेळत राहिला. त्याला ओएनजीसीची नोकरी आहे. मुंबईचा इशप्रीत सिंग चड्ढा २०२३ मध्ये टूरवर आला. अडवाणीचा निर्णय पळपुटेपणा नव्हता. पेट्रोलियम कंपन्या किंवा रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी, वर्षभर देशातल्या आणि आयबीएसएफच्या स्पर्धा, हा सुद्धा पूर्ण पेशा आहे, आणि नाशिकच्या मध्यमवर्गीय घरातल्या पोराला तो टूरपेक्षा जास्त परवडतो. राष्ट्रीय स्पर्धेतली पदकं आणि राज्याची प्रमाणपत्रं म्हणूनच पहिल्या वर्षापासून फाइलला लावा. क्रीडा कोट्याच्या अर्जाला तीच लागतात. एशियाडमध्ये क्यू स्पोर्ट्स १९९८ ते २०१० या काळातच होते, त्यानंतरच्या एशियाडमधून वगळले गेले. त्यामुळे एशियाड पदकाच्या जोरावर मिळणारी नोकरी सध्या हिशोबात धरू नका.

दोन गोष्टी, ज्यांत कारकीर्द जाते

पहिली औषधं. हात थरथरू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या या खेळात स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या आहेत. रक्तदाबासाठी किंवा मायग्रेनसाठी डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या असतील तर आधी वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा लागतो. 'डॉक्टरांनीच दिली होती' हे नंतर चालत नाही. सर्दीच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रीन असतं, त्याचंही प्रमाण पाहिलं जातं. स्पर्धेच्या आठवड्यात मेडिकलवाल्याला विचारून काहीही घेऊ नका, गोळीवरचं नाव वाचा.

दुसरी पैजा. पार्लरमध्ये फ्रेमवर पाचशे-हजार लावणं सर्रास चालतं. टूरवर आल्यावर कुठल्याही स्नूकर सामन्यावर पैसे लावणं नियमाविरुद्ध आहे, स्वतः खेळत असा वा नसा. २०२३ मध्ये सामने ठरवणं आणि सट्टा या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली, त्यातल्या दोघांवर आजन्म. सुरुवात बहुधा 'फक्त एक फ्रेम सोड' एवढ्याशा मागणीनं होते, तीही ओळखीतल्या माणसाकडून. कुणी असं विचारलं तर नाही म्हणून थांबू नका, त्याच दिवशी संघटनेला लेखी कळवा. न कळवणं हाही गुन्हा धरला जातो.